काटा हलला नाही

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नका. दादा आहेत. आधी तेवढं सांगून टाकते, कारण इतक्या वर्षांनी घरून पत्र आलं की माणूस उभ्याउभ्या तेच शोधतो.

आहेत, पण तुम्ही पाहिलेत तसे नाहीत. नोव्हेंबरात एका सकाळी दाढी करता करता हातातला ब्रश गळून पडला. मी स्वयंपाकघरातून हाका मारतेय आणि उत्तर नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. पाय थोडाफार परत आलाय. काठी धरून जिना उतरतात. हात नाही. बोलण्याचं म्हणाल तर एकच शब्द शिल्लक आहे, 'बरं'. भूक लागली तरी बरं, चहा गार झाला तरी बरं, माझ्यावर खेकसायचं असलं तरी बरंच. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, तोंडात मात्र भलताच शब्द येतो. तेव्हा शब्दाकडे लक्ष देऊ नका, मानेकडे बघा. तेव्हापासून मी यांच्या मानेकडे बघत संसार करतेय.

मीटर-मोटरींच्या दुरुस्तीचं दुकान विकून टाका असं जो तो सांगतो. यांना विचारलं, तर मान अशी काही हलवली की मीच घाबरले. मग परवा मी शटर वर केलं. तुम्हाला हसू येईल. तुम्ही दोघं भाऊ खाली आणि मी वर, अशी सगळी वर्षं गेली. खाली उतरले ती चहा द्यायला आणि कपबशा न्यायला. आता मी टेबलाशी बसते आणि हे बाजूला खुर्चीत. मीटर घेऊन आलेली माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग यांच्याकडे, आणि 'येतो पुन्हा' म्हणून मीटर काखेत मारून निघून जातात.

तुमचा पत्ता तारा विकायला येतात त्या गृहस्थांनी दिला. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात आहात म्हणाले. अंगानं जरा भरलात असंही म्हणाले.

एक विचारायचं होतं. फळीवर दोन मीटर शेजारी शेजारी आहेत, अगदी जुळे. एकाच्या काचेवर 'ए' आणि दुसऱ्याच्या 'व्ही'. दोन्ही उघडून पाहिले. आत तेच लोहचुंबक, तीच तारेची चिमुकली गुंडाळी, तोच काटा. मग एक अँपिअर मोजतो आणि दुसरा व्होल्ट, ते कशाच्या जोरावर?

एका ओळीत लिहिलंत तरी चालेल.

तुमची
वहिनी


३ मार्च

भाऊजी,

आज हे हसले.

त्याचं असं झालं. टेबलावर कुणाच्या तरी मोटारीची बॅटरी होती. मी व्होल्टमीटरच्या दोन तारा तिच्या दोन टोकांना लावल्या, काटा बारावर जाऊन उभा राहिला. मी खूश. म्हटलं आता अँपिअर बघू. तो मोठा अँमीटर घेतला, लाकडी पेटीतला, ज्याला तुम्ही कुणाला बोट लावू देत नव्हतात तो. आणि तसाच लावला, दोन टोकांना दोन तारा.

फट्कन ठिणगी उडाली. काटा पलीकडच्या खुंटीवर आदळला आणि तिथेच वाकला. काचेच्या आत धूर. मी किंचाळून तारा फेकल्या. तेवढ्यात मागून असा काही आवाज आला की वाटलं, यांना ठसका लागला. वळून बघते तर हे हसतायत. अर्ध्या तोंडानं, खुर्चीचा हात गच्च धरून, डोळ्यांतून पाणी. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. मला रडू फुटलं आणि मीही हसायला लागले. दुकानात कुणी असतं तर आम्हा दोघांना वेड लागलंय म्हणालं असतं.

मग डाव्या हातानं त्यांनी शिकवलं. बॅटरी, वायर, एक छोटा दिवा. दिवा पेटला. मग वायर मधोमध कापायला लावली आणि कापलेल्या जागी दुसरा, लहान अँमीटर जोडायला लावला. दिवा पुन्हा पेटला, काटा थोडासा सरकला. व्होल्टमीटर मात्र वायर न कापता, दिव्याच्या दोन टोकांना बाहेरून.

मला कळलं ते असं. अँमीटर वाटेतच उभा राहतो. जो प्रवाह मोजायचा तो सगळा त्याच्या अंगावरून जायला हवा. म्हणून त्याला स्वतःचा अडथळा जवळजवळ ठेवलेलाच नाही. व्होल्टमीटर वाट सोडून बाजूला थांबतो आणि दोन टोकांतला दाब बघतो. त्याच्या पोटात मुद्दाम मोठा अडथळा घातलाय, म्हणजे तो स्वतःसाठी अगदी थेंबभर प्रवाह घेणार. आणि मी अडथळा नसलेल्याला सरळ बॅटरीच्या तोंडी दिलं. अख्खी बॅटरी त्याच्यातून धावली.

तुमच्या अँमीटरचं वाईट वाटतं. आत गुंडाळीच्या शेजारी एक जाड पट्टी आहे, ती पार काळी पडलीये. हे ती पुन्हा पुन्हा दाखवतात आणि मला काही उमगत नाही. ती काय करते?

वहिनी


२९ मार्च

भाऊजी,

तुमचं पाकीट मिळालं. आत चित्र होतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, मग फाडून सपाट केलं, एखादी ओळ कुठे चिकटून राहिली असेल म्हणून. नव्हती.

चित्र मात्र छान आहे. पट्टीतून जाड बाण आणि गुंडाळीतून केसासारखा बारीक बाण. लगेच कळलं. गुंडाळीची तार इतकी नाजूक की मोठा प्रवाह तिला झेपणार नाही. म्हणून बराचसा पट्टीकडून जाऊ द्यायचा आणि जेमतेम एक वाटा गुंडाळीकडून. तेवढ्यावरून काटा सगळ्याचा अंदाज सांगतो. पट्टी म्हणजेच शंट, हा शब्द तुमच्या तोंडून मी वर्षानुवर्षं जिन्यातून ऐकत होते. मला वाटायचं तुम्ही कुणाला तरी शिवी देताय.

नवी पट्टी बसवली. काटा यांनी डाव्या हातात चिमटा धरून सरळ केला, मी खालून मनगटाला आधार दिला. चित्र यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि कितीतरी वेळ मांडीवर धरून बसले. एक अक्षर नव्हतं, तरी ते बाण कुणाचे हे विचारावं लागलं नाही.

पुढच्या वेळी चित्राखाली 'बरा आहे' एवढं तरी लिहा. मला तुमच्याकडचं हवापाणीसुद्धा चालेल.

वहिनी


१७ एप्रिल

भाऊजी,

आता थोडी गिऱ्हाइकं थांबतात. काही माझी गंमत बघायला, पण थांबतात.

घरातल्या विजेवर पेटणाऱ्या दिव्याच्या वाटेत मी अँमीटर जोडला, तर काटा शून्याशी नुसता थरथरत राहिला. म्हटलं बिघडला. बिघडला नव्हता. ती वीज क्षणाक्षणाला उलटसुलट होते, आणि चुंबकात बसलेली गुंडाळी एकदा इकडे ढकलली जाते, एकदा तिकडे. काटा बिचारा जाणार कुठे? यांनी दुसरा मीटर पुढे सरकवला. त्यात स्थिर गुंडाळी आणि आत लोखंडाचा तुकडा. वीज कुठूनही येवो, तुकडा एकाच बाजूला ढकलला जातो. त्याच्या तबकडीवरचे आकडे सुरुवातीला दाटीवाटीनं आणि पुढे ऐसपैस. ओहम, म्हणजे अडथळा, मोजायचा मीटर तर साफ उफराटा, त्याचं शून्य उजवीकडे. त्याच्या पोटात स्वतःचे सेल असतात, म्हणून चालू विजेला तो कधी लावायचा नाही. आधी दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवून शून्य जुळवायचं, मग काम.

चांगल्या मीटरच्या काट्याखाली आरशाची पट्टी असते हे मला माहीतच नव्हतं. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की समजायचं आपण नीट समोरून बघतोय. तसं बघताना त्या पट्टीत आपलाच डोळा दिसतो. दिवसभरात माझ्या डोळ्याला डोळा देणारं तेवढंच. हे हल्ली माझ्याकडे बघत नाहीत. लाजतात, असं वाटतं.

मी बोलते खूप. भाजी निवडताना, जिना झाडताना, मीटर पुसताना, सगळं सांगत असते. समोरून 'बरं' येतं. संध्याकाळी शटर ओढलं की रस्त्यावरचा आवाजही बाहेर राहतो. मग मी खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे उगाच वाटीभर काहीतरी मागायला जाते, घरात असतं तरी. त्या रिटायर झाल्यापासून एकट्याच. त्याही मला थांबवून घेतात.

परवा लॉन्ड्रीवाल्या बाई रस्त्यात दिसल्या. पिशवी डाव्या हातात होती. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. मी त्या विषयावर लिहिणार नव्हते. पण आपल्या दुकानातून दुरुस्त होऊन गेलेल्या मोटरीनंच त्यांना झटका बसला, दादा सगळ्या रस्त्यासमोर म्हणाले, 'मोटर यानं तपासली होती,' आणि तुम्ही एक शब्द न बोलता बॅग भरलीत, हे तर आहेच. न लिहून ते कुठे जाणार आहे?

वहिनी


६ मे

भाऊजी,

हे पत्र सावकाश वाचा.

पावाच्या भट्टीचे मालक पीठ मळायच्या यंत्राची मोटर घेऊन आले. फरशी धुताना तिच्यात पाणी गेलं होतं. त्यांनी ती उन्हात ठेवली, लावून पाहिली, फिरली.

"वहिनी, फिरतेय झकास. तुम्ही एकदा बघून ठीक आहे म्हणा, म्हणजे झालं. कामाच्या बायका खोळंबल्यात."

मी ओहमचा मीटर घेतला, शून्य जुळवलं. एक टोक आतल्या तारेला, दुसरं मोटरीच्या लोखंडी अंगाला. डोळा आरशावर. काटा हलला नाही. म्हणजे तारेतून अंगाकडे यायला विजेला वाट नाही. म्हणजे हात लावणाऱ्याला धोका नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

"ठीक आहे," मी म्हटलं.

मागून आवाज आला, "बरं."

"बघा, साहेबांनीही पास केली," भट्टीवाले म्हणाले आणि मोटरीला दोर बांधायला लागले.

"बरं," हे पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. मी मान वर केली नाही. मी पावती लिहीत होते. तिसऱ्यांदा 'बरं' आलं ते ओरडून, आणि त्याबरोबर काठी फरशीवर पडली.

मी वळले. हे उभे होते, काठीशिवाय. चेहरा लालबुंद, मान एकसारखी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. टेबलाची कड धरत धरत पुढे आले आणि मोटरीवर जवळजवळ कोसळले. डावा पंजा तिच्यावर दाबून धरला. भट्टीवाले दोर सोडून दोन पावलं मागे सरले.

"काय झालं हो? नाही द्यायची?" मी विचारलं. मान थांबली आणि वरच्या फळीकडे वळली. तिथे काळा डबा होता, बाजूला हँडल असलेला. मेगर. तुम्ही गेल्यापासून तो कुणी खाली काढलेला नव्हता. बोटभर धूळ होती.

त्याची टोकं मी त्याच दोन ठिकाणी लावली. यांनी डाव्या हातानं डबा टेबलाशी दाबून धरला, मी हँडल फिरवलं. पहिल्यांदा हळू. यांनी हनुवटीनं खुणावलं, जोरात. जोरात फिरवलं आणि काटा शून्याकडे पडला, म्हणजे विजेला अंगाकडे यायला वाट होती. सोडलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा शून्याकडे.

"अहो, पण फिरत होती ना!" भट्टीवाले म्हणाले.

"फिरतच असते," मी म्हटलं. "ओल्या फरशीवर उभं राहून कुणी हात लावला की मग कळतं."

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "माझी बहीण असते त्या यंत्रावर."

तुम्हाला हे समजावून सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. साध्या मीटरच्या पोटात दोन सेल. तो विचारतो ते कुजबुजून. मेगर स्वतः वीज तयार करतो आणि पाचशे व्होल्टांनी विचारतो. तारेवरचं इन्सुलेशन ओलं होतं. कुजबुजीला ते दाद देत नव्हतं, दाबाखाली फुटलं.

मोटर ठेवून घेतली. दिव्याखाली वाळवून, वार्निश देऊन, मेगरनं पुन्हा बघून मगच जाईल.

ते गेल्यावर मी यांना खुर्चीत बसवायला गेले, तर बसेनात. तुमच्या स्टुलापाशी गेले. त्यावर हात ठेवला, मग मेगरवर, मग स्वतःच्या छातीवर. पुन्हा तेच. स्टूल, मेगर, छाती.

मी विचारलं, "लॉन्ड्रीची मोटर?"

मान खाली गेली. हो.

"भाऊजींनी मेगर लावू म्हटलं होतं?"

हो.

"तुम्ही नको म्हणालात?"

हो.

"मग सगळ्यांसमोर त्यांचं नाव का घेतलंत?"

याला मान काय उत्तर देणार? हे छातीवर हात आपटत राहिले, "बरं, बरं, बरं," आणि मी तो हात धरून ठेवला.

इतकी वर्षं यांना बोलता येत होतं तेव्हा हे बोलले नाहीत. आणि तुम्हीही नाही. खरं सांगितलं असतंत तर दुकान बसलं असतं, म्हणून? की भाऊ होता म्हणून? मला हे कुणाला विचारता येत नाही.

यांच्या वतीनं मी माफी मागू का, असा विचार आला. नाही मागत. ती यांची आहे. यांना हात नाही, वाचा नाही, पण मान आहे. ती बघायला तुम्हालाच यावं लागेल.

वहिनी


२ जून

भाऊजी,

उत्तर नाही. चित्रही नाही.

काल हे सकाळी स्वतः कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून बसले. बटणं मी लावली. मग काठीनं दार दाखवलं. कुठे जायचं हे रस्ता ओलांडल्यावर कळलं. लॉन्ड्री.

बाई गल्ल्यापाशी होत्या. दुकानात चार माणसं कपडे घ्यायला उभी. हे त्यांच्यासमोर जाऊन थांबले आणि माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं. मग मीच सांगितलं, चारही माणसांना ऐकू जाईल असं. "तुमची मोटर माझ्या दिरांनी पुरती तपासू म्हटलं होतं. यांनी घाईनं सोडली. आणि नाव त्यांचं घेतलं." हे मान हलवत होते. हो, हो.

बाईंनी उजवा हात गल्ल्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "आता सांगून माझी बोटं वळणार आहेत का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग?" म्हणत त्यांनी आतून खुर्ची ओढून आणली. यांच्यामागे ठेवली. "बसा. असे उभे राहू नका, पडाल."

यांना चहा दिला, मला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. निघताना म्हणाल्या, "तुमचे दीर दवाखान्यात रोज यायचे. मी त्यांना एकदाही 'बसा' म्हटलं नव्हतं. त्यांना कळवा."

कळवलं.

वहिनी


२१ जून

भाऊजी,

आज पहिल्यांदा तुमच्यावर रागावून लिहितेय.

दुपारी मी भट्टीवर होते. मोटर बसवून झाली, जाग्यावर पुन्हा मेगर लावला, मालकांच्या बहिणीच्या देखत. तिनं मलाच हँडल कसं फिरवतात ते विचारलं, तिनंही फिरवलं. मी अशी हवेत तरंगत घरी आले. म्हटलं, यांना सांगू. तर जिन्यापाशी मास्तरीणबाई.

"तुमचे दीर येऊन गेले."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कुणाचे?

"अहो, तुमचे! दुपारभर होते. वर गेले, खाली आले, पाणी हवं का विचारलं तर नको म्हणाले. दोघांचा आवाज असा नव्हताच. एकदा कुणीतरी रडलं, कोण ते नाही सांगता यायचं. मी म्हटलं थांबा, त्या येतीलच एवढ्यात. म्हणाले, वहिनींसमोर कसा उभा राहू? एवढी पत्रं आली आणि मला एकाचंही उत्तर लिहिता आलं नाही."

मी वर धावले. हे खिडकीशी बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर कापलेली नखं. उजव्या हाताची! तो हात हे मला धरू देत नाहीत, नखं कापायची म्हटलं की तोंड फिरवतात. तुम्ही एकेक बोट धरून कापलीत, कानससुद्धा फिरवलीत. हात मांडीवर उताणा पडला होता, स्वच्छ. हे माझ्याकडे बघून हसले.

मला आनंद झाला. तो झालाच. यांना तुमच्यापुढे जे कबूल करायचं होतं ते झालं असणार; रात्रीचं जेवण यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पण मोरीत गेले तर तुमचा पेला धुऊन पालथा घातलेला. भाऊजी, घरच्या माणसानं पेला धुऊन, पुसून, आपण आलोच नव्हतो असं करून जावं? मी तो उचलला आणि रागारागानं पुन्हा विसळला. मग तिथेच पाटावर बसून राहिले.

तुम्हा दोघांचं न बोलता भागतं. मी लग्न होऊन आले तेव्हाही तुम्ही दोघं जेवायला बसायचात आणि सगळं जेवण मुकाट्यानं. मला वाटायचं भांडण झालंय. माझं तसं भागत नाही. मला भट्टीवरची गोष्ट सांगायची होती. काटा कसा झरकन शून्यापासून दूर गेला आणि तिथेच राहिला, ते सांगायचं होतं, आणि कुणीतरी 'वहिनी, हँडल किती वेळ फिरवलंत? पुरेसं नाही' असं म्हणायला हवं होतं. हे सांगायला माझ्याकडे दुसरं माणूस नाही. लॉन्ड्रीवाल्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. मास्तरीणबाईंना मेगर म्हणजे पेरूची जात वाटते.

तुम्ही माझ्यासमोर कसे उभे राहणार, या काळजीत पडू नका. उभं राहायला सांगितलंय कुणी? बसा. पत्रांची उत्तरं मागणार नाही. तुम्ही बोलायला लागलात आणि अडलात, तर मी थांबेन. त्याची मला आता सवय झालीये.

येणार त्या दिवसाचं एक कार्ड टाका, तारखेपुरतं. मी शटर उघडणार नाही. आणि परतीचं तिकीट आधी काढून यायचं नाही.

वहिनी